माणसं तीच, मग काम वेगळं का?

‘आपली माणसंच कामचुकार, वरून कितीही सांगा,’ हे वाक्य तहसिलीत ऐकू येतं, सहकारी संस्थेत ऐकू येतं आणि बोलणारा बहुधा खुर्चीवर असतो. कामाचा दर्जा ज्याच्या त्याच्या रक्तात असतो, असा त्याचा दावा. बुलढाणा जिल्ह्यात तरी तो टिकत नाही, कारण शेगाव याच जिल्ह्यात आहे.

तिथल्या गजानन महाराज संस्थानाच्या दर्शनबारीत कुणाच्या हातून पाणी सांडलं की सेवेकरी फडका घेऊन हजर होतो. वाकून फरशी कोरडी करतो आणि ‘चला माऊली’ म्हणत रांग पुढे सरकवतो. पाळीनं सेवेला आलेला हा कुठल्यातरी खेड्यातला शेतकरी असतो. पगार नाही, बढती नाही. त्याच्याच तालुक्याच्या कचेरीत जिन्याचे कोपरे पानाच्या पिंकांनी लाल झालेले असतात.

‘तिथे श्रद्धा आहे हो!’ असं उत्तर मिळतं. पण श्रद्धा काय शेगावातच आहे? हीच मंडळी दुसऱ्या तीर्थक्षेत्री तितक्याच भावानं माथा टेकतात आणि निर्माल्याचा चिखल तुडवत बाहेर पडतात. श्रद्धेनं माणूस येतो. आल्यावर त्याला नेमकं कुठलं काम, किती वेळ, कुणाच्या देखरेखीखाली, हे कुणीतरी ठरवावं लागतं. शेगावात ही घडी बसवली शिवशंकरभाऊ पाटलांनी. 4 ऑगस्ट 2021 ला ते गेले, तोवर अनेक दशकं कारभार त्यांच्याकडे होता आणि ते स्वतःला सेवेकरीच म्हणवत.

मग कडक साहेब आणला की झालं, असं कुणी म्हणेल. तेही चूक. बिनपगारी माणसाचा पगार कापता येत नाही, त्याची बदली करता येत नाही. धाकाचं हत्यारच तिथे नाही. चांगलं काम करावंसं वाटणं माणसाचं स्वतःचं असतं. ते टिकवणं किंवा मारणं वरच्यांच्या हातात असतं.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे : चार दिवसांची सेवा वेगळी, तीस वर्षांची नोकरी वेगळी. मान्य. नोकरीत माणूस थकतो, विटतो. एका ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावं असली की कुठल्याच गावाचं काम धड होत नाही. पण जागा रिकाम्या ठेवणारा तो ग्रामसेवक नसतो. म्हणून कार्यालयप्रमुखानं कामचुकारपणाची नोटीस काढताना त्याच कागदावर लिहावं : या माणसाला कोणतं काम नेमून दिलं, त्यासाठी काय पुरवलं आणि ते पाहायला मी स्वतः शेवटचा कधी गेलो.