मढीच्या यात्रेत दाखल्यांचे शिबिर भरवा



होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत आमच्या पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची यात्रा भरते. ही भटक्यांची पंढरी. मानाची होळी गोपाळ समाजाची, मानाची काठी कैकाड्यांची. वैदू, कोल्हाटी, जोशी, वर्षभर पांगलेले सगेसोयरे इथे भेटतात. त्यांच्या जातपंचायती पिढ्यान्‌पिढ्या इथेच बसत. ही माणसे एकत्र कुठे सापडतात हे पंचांना कळले, शासनाला अजून कळायचे आहे.

इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायद्याने पुसला. आज मात्र विमुक्त-भटक्यांचा जातीचा दाखला काढायला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि तेव्हा कुटुंब जिथे राहत होते तिथल्याच प्रांताकडे अर्ज करावा लागतो. ज्यांना कुठल्याच गावाने चार दिवस टिकू दिले नाही, त्यांनी कोणते गाव सांगायचे? आजोबाने शाळा पाहिली नाही, नावावर गुंठा नव्हता, म्हणून तर सवलत द्यायची. मग त्याच आजोबाचा शाळेचा दाखला नाही म्हणून नातवाला परत पाठवणे हा उघड अन्याय आहे.

कागद नसतील तर गृहचौकशीची तरतूद आहे, असे उत्तर मिळते. पालावर राहणाऱ्याचे गृह कोणते? चौकशीला माणूस येईतो पाल उठलेले असते.

पुरावा सैल केला तर खोटे दाखले वाढतील, ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण खोटा माणूस ओळखायला मढीइतकी चांगली जागा नाही. बोली, कुळ, देवक, सोयरीक सांगणारे जाणते इथे शेकड्यांनी असतात. त्यांचे जबाब घ्या, ज्यांना वैधता मिळाली आहे अशा रक्ताच्या नातलगांचे कागद तिथेच ताडून पाहा. विदर्भातला कैकाडी अनुसूचित जातीत आणि इकडचा विमुक्त जातीत, असले गुंतेही इथे समोरासमोर उलगडतील.

इतर मागास बहुजन कल्याण विभागाने येत्या यात्रेत मढीला शिबिर भरवावे. कोणत्याही जिल्ह्याचा अर्ज तिथे स्वीकारण्याचे खास अधिकार द्यावेत आणि गृहचौकशी यात्रेतच पूर्ण करावी. तसा शासन निर्णय होळीच्या आधी निघाला पाहिजे.

— एक वाचक, पाथर्डी (जि. अहिल्यानगर)