कुटाराची गादी

सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत सर्वेश कुशारे २.२८ मीटर उंच उडी मारून सहावा आला. नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावच्या शेतकऱ्याचा हा मुलगा. गावात गादी नव्हती, म्हणून मक्याचा भुसा भरून ती केली गेली. आजची उडी पाठ खाली करून मारतात. खाली मऊ नसेल तर मानच मोडायची.

बातमी वाचली आणि अकोल्याकडची एक शाळा आठवली. तिथे मुलींसाठी फक्त वाळूचा खड्डा, तोही दगडासारखा झालेला. आठवीतली एक पोर छान उडायची. तिच्या आईकडे गेले तर ती म्हणाली, "पाय मोडला तं लगन कोन करीन, ताई?" मी समानतेवर भाषण दिलं (एम.एस.डब्ल्यू.ची खोड!). खड्ड्याकडे पाहिलंच नाही. पाय खरोखरच मोडला असता.

त्याच वर्षी हरियाणाच्या एका गवंड्याच्या मुलीने, पूजा सिंहने, १.८९ मीटर उडी मारून आशियाई सुवर्णपदक घेतलं. वऱ्हाडातल्या पोरी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळापर्यंत पोचतील तेव्हा पोचतील. सोयाबीनच्या कुटाराला तर आपल्याकडे तोटा नाही. पुढच्या पालकसभेला मी भाषणाऐवजी रिकामी पोती घेऊन जाणार आहे.