दुधाच्या दातांपुरती सही

कर्जाचा अर्ज तपासताना माणूस कळतो, असे आम्ही बँकवाले मोठ्या अभिमानाने सांगतो. मावळातल्या शाखेत असताना एक गृहस्थ दातांच्या खुर्चीसाठी कर्ज मागायला आले. आठवडी बाजारात दात काढून, कवळ्या बसवून त्यांचे घर चाले; वडिलांचाही धंदा तोच. मी नोंदणीचे प्रमाणपत्र मागितले. ‘‘साहेब, हात बघा की. कागद काय बघता?’’ ते म्हणाले. मी अर्ज परत केला.

वर्षभराने आमच्या शिपायाने आपली सात वर्षांची मुलगी त्यांच्याकडेच नेली. आंदर मावळातल्या वाडीवरून तळेगाव किंवा लोणावळा गाठायचे म्हणजे एक रजा, एसटीचा खोळंबा आणि वर डॉक्टरांची फी. दुखरी दाढ दुधाची समजून उपटली गेली. ती दुधाची नव्हती. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यांत मागे जी दाढ येते, तिच्या जागी आधीचा दात पडलेला नसतो. म्हणून भल्याभल्या आईबापांना ती दुधाचीच वाटते. वेळेवर भरली असती तर जन्मभर टिकली असती. माझा कागदाचा आग्रह बरोबर ठरला खरा. पण शिपायाला त्याचा उपयोग काय झाला?

१९४८च्या दंतवैद्यक कायद्याने नोंदणी आणली, तेव्हा पदवी नसलेल्या पण पाच वर्षे याच धंद्यावर पोट भरणाऱ्यांना नोंदवहीच्या वेगळ्या भागात जागा दिली. पुढच्या पिढीला तो दरवाजा बंद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. डेंटल हायजिनिस्टलाही कायद्यात स्थान मिळाले, पण काम दात साफ करण्याचे आणि निगा शिकवण्याचे. दात भरायचा तर डॉक्टरच. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा केला, तरी वाडीवरच्या मुलाचा किडका दात भरणार कोण, हा प्रश्न राहिलाच.

न्यूझीलंडने १९२१ पासून तरुण मुलींना दोन वर्षे शिकवून शाळांमधून दात भरायला पाठवले. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने २००९ मध्ये डेंटल थेरपिस्टसाठी परवान्याचा कायदा केला. त्यात अट अशी, की दंतवैद्याशी लेखी करार हवा आणि काम मुख्यतः गरीब, उपेक्षित रुग्णांमध्ये करायचे. कामाची हद्दही ठरलेली.

बँकेत आम्ही हेच करतो. ठराविक रकमेपर्यंत कारकुनाची सही चालते, त्यापुढे अधिकाऱ्याची. म्हणून काही बँक बुडत नाही. उलट, मर्यादा कुठेच लिहिलेली नसली की घोटाळे होतात.

गावाला दुय्यम डॉक्टर का, असे कुणी विचारील. रास्त आहे. पण आज वाडीला दुय्यम तरी कुठे मिळतो? जिल्हा परिषदेच्या शाळांपुरता, मुलांच्या दातांपुरता असा परवाना राज्याने द्यावा. नोंदणी क्रमांक शाळेच्या भिंतीवर लिहावा, शेजारी काय करता येणार नाही तेही लिहावे, आणि जबाबदार डॉक्टरांचे नाव खाली असावे. लोणावळ्याहून चिक्की गावोगाव पोचते. दात भरणाराही पोचायला हरकत नसावी.