घरचा हिशेब : ऐंशीच्या भावाचा घोडा

वाचनालयात बसलेल्या दोघा-तिघा तरुणांनी परवा विचारले, "भाऊ, तुम्ही रेसला नेहमी नावे ठेवता, पण अमेरिकेत ऐंशीच्या भावाचा घोडा आला होताच की नाही?" आला होता. प्रश्न रास्त आहे, तो टाळण्यात अर्थ नाही. म्हणून वाचकहो, आज त्याच घोड्याचा हिशेब मांडू या.

केंटकी डर्बी ही अमेरिकेतील सर्वांत नामवंत शर्यत. लुईव्हिल शहरातील चर्चिल डाऊन्स या मैदानावर ती १८७५ पासून दरवर्षी होते. अंतर सव्वा मैल, आणि पळतात तीन वर्षांचे घोडे, जास्तीत जास्त वीस. ७ मे २०२२ च्या शर्यतीत रिच स्ट्राइक हा घोडा मुळात त्या विसांत नव्हताच. आदल्या दिवशी सकाळी दुसरा एक घोडा मागे घेण्यात आला, तेव्हा मुदत संपता संपता याला जागा मिळाली. मालकाने त्याला सप्टेंबर २०२१ मध्ये तीस हजार डॉलरला घेतले होते, आणि डर्बीपूर्वी तो एकच शर्यत जिंकला होता. सर्वांत बाहेरच्या फाटकातून तो सुटला, बराच वेळ मागेच राहिला. आणि शेवटी जॉकी सॉनी लिऑन याने त्याला आतल्या कठड्याजवळून असा काढला की पुढे झुंजणारे एपिसेंटर व झँडन दोघेही पाहत राहिले. दोन डॉलरच्या तिकिटाला १६३ डॉलर ६० सेंट मिळाले. डर्बीत यापेक्षा मोठा भाव एकदाच आला आहे, १९१३ मध्ये, डोनरेल या घोड्यावर.

त्याचा ट्रेनर एरिक रीड. डिसेंबर २०१६ मध्ये त्याच्या तबेल्याला आग लागून २३ घोडे मेले होते. अशा माणसाला यश मिळाले याचा आनंद कोणालाही व्हावा. पण ते यश घोड्याला रोज पहाटे उठवणाऱ्याचे आहे. खिडकीवर तिकीट फाडणाऱ्याचे गणित निराळे असते.

तिथला पैसा मैदानाचा मालक स्वतःच्या खिशातून देत नाही. सगळ्यांनी लावलेली रक्कम एकत्र होते, तिच्यातून मैदान व सरकार आपला हिस्सा आधीच काढून घेतात, आणि उरलेली रक्कम जिंकलेल्या घोड्यावर लावणाऱ्यांत वाटली जाते. चर्चिल डाऊन्सला 'विन'च्या तिकिटावर हा हिस्सा शंभराला साडेसतरा होता. राहिले साडेब्याऐंशी. आता भाव जर ऐंशीच्या घरात असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की दर शंभर डॉलरमधला जेमतेम एक डॉलर रिच स्ट्राइकवर होता. बाकीचे नव्याण्णव डॉलर बुडाले, आणि त्यांतूनच हे १६३ डॉलर निघाले. जिंकणाऱ्याचा फोटो छापून येतो. नव्याण्णव जणांचा कोण छापणार?

आपल्या महालक्ष्मीच्या टोटचे तत्त्वही हेच. इंडियन डर्बी तेथे १९४३ पासून आहे. घोड्यांची शर्यत हा जुगार नसून कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले आहे, आणि ते सांगणारे लोक वस्तीत पुष्कळ भेटतात. कौशल्य असेल, मान्य. पण ते किती जणांकडे? शिवाय लावलेल्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी होता, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. घोडा हरो वा जिंको, हा पैसा गेलाच.

यापुढची गोष्ट मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. स्नोबर्ग आणि वुल्फर्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९२ ते २००१ या काळातील अमेरिकन शर्यतींचा, घोड्यांच्या ६४ लाख धावांचा, हिशेब काढून २०१० मध्ये प्रसिद्ध केला. नेहमी फेव्हरिटवर लावणाऱ्याचे शंभरामागे साधारण साडेपाच जातात. डोळे मिटून कोणत्याही घोड्यावर लावले तर तेवीस जातात. आणि ज्यांचा भाव शंभर किंवा त्याहून जास्त, अशा घोड्यांवर लावणाऱ्याचे जातात एकसष्ट! तोट्यात सगळेच, पण सर्वांत जास्त तोट्यात तो, ज्याला मोठ्या भावाची ओढ. अशा घोड्यावर लोक आशेपोटी गरजेपेक्षा जास्त पैसा लावतात, म्हणून त्याचा भाव दिसतो मोठा, पण असायला हवा त्याहून तो कमीच असतो.

मग गरीब माणूस त्याच घोड्याकडे का जातो? तो मूर्ख आहे असे मी मानत नाही. शंभराचे दोनशे झाले तर त्याचे काय होणार? ना कर्ज फिटते, ना मुलीच्या कॉलेजची फी निघते. त्याला गरज असते ती एका दमात आठ-दहा हजारांची, आणि पगारातून ती रक्कम कधी साठतच नाही. म्हणून त्याला ऐंशीचाच घोडा दिसतो. ज्याच्याकडे पैसा सर्वांत कमी, त्यानेच सर्वांत महाग तिकीट घ्यायचे, असा हा व्यवहार आहे.

पतपेढ्यांच्या कर्जाच्या अर्जांवर 'घरदुरुस्ती' हे कारण मी किती वेळा वाचले असेल! पुढे चौकशीला घरी जावे, तर पत्रा तसाच गळका. बाई खाली मान घालून चहा ठेवते, आणि मुलगा सांगून जातो की बाबा रविवारी महालक्ष्मीला जातात. जामीनदार म्हणून सही करताना शेजाऱ्याने एकदा तो पत्रा पाहून यावा, एवढे मी प्रत्येक सभेत सांगतो. काहींना राग येतो, येऊ द्या.

राहता राहिला रिच स्ट्राइक. महिन्याभराने बेलमाँट येथील शर्यतीत तो पुन्हा उतरला. आता त्याचे नाव झाले होते, लोकांनी त्याच्यावर भरपूर पैसा लावला आणि भाव कितीतरी खाली आला. तो सहावा आला. डर्बीनंतर त्याने एकही शर्यत जिंकली नाही.