जज्ज मतं मागतो तेव्हा


मी गोदीतला हमाल, मॅट्रिकपर्यंत शिकलेला. आपल्याकडं जज्ज परीक्षेतून येतो. अमेरिकेतल्या टेक्सासात त्याला पक्षाच्या तिकिटावर उभं राहावं लागतं, लोकांपुढं मतं मागत हिंडावं लागतं.

ह्यूस्टन हेही बंदराचंच शहर. तिथल्या हॅरिस काउंटीत किरकोळ गुन्ह्यात धरलेला गरीब माणूस जामिनाला पैसे नाहीत म्हणून आत सडायचा. त्याच गुन्ह्यातला पैसेवाला रात्री घरी जेवायचा. २०१६ साली दावा लागला. २०१७ मध्ये फेडरल कोर्टानं ही रीत घटनाबाह्य ठरवली. बहुतेक जज्ज अपिलात गेले. २०१८ च्या निवडणुकीत त्यातले जे पुन्हा उभे राहिले ते पडले. त्याच निवडणुकीत १७ काळ्या बाया काउंटीत जज्ज म्हणून निवडून आल्या. २०१९ मध्ये समझोता झाला. बहुतेक किरकोळ गुन्ह्यांत पैशाविना सुटका मिळू लागली.

पण लगेच टाळ्या पिटू नका. मतं मागणारा जज्ज गर्दीला भितो. अलाबामात ज्युरीनं जन्मठेप सुचवली तरी निवडून आलेला जज्ज फाशी देऊ शकायचा. हे २०१७ पर्यंत चाललं. आणि प्रचाराला पैसा कोण देतं? त्याच कोर्टात उभे राहणारे वकीलसुद्धा!

तेव्हा खुर्ची मतानं भरा नाहीतर परीक्षेनं. सवाल एकच: रिकाम्या खिशाचा माणूस तिच्यापुढं उभा राहिला की काय होतं? आपल्या तुरुंगांतही बहुसंख्य कच्चेच कैदी आहेत. मतपेटी नाही, पण कोर्टाचा बाक सगळ्यांना खुला आहे. वही घेऊन बसा. जामिनावाचून किती आत गेले ते मोजा. रात्रपाळी संपवून मीही येतो.