अफवेचे वारसदार

राईनपाडा हत्याकांडात धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप फर्मावली, हे उचितच झाले. परंतु १ जुलै २०१८ रोजी, ऐन आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जिवे मारणाऱ्या जमावाच्या डोक्यात ‘मुले पळवणारी टोळी आली’ हे विष ज्यांनी व्हॉट्सॲपवरून कालवले, त्यांच्या अपराधाचीही वासलात या निकालाने लागली, असे मानून स्वस्थ बसण्यास आम्ही तयार नाही.

त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत वाचकांना आठवत असेल. मूळची ती कराचीतील, पालकांनी सावध राहावे म्हणून मुद्दाम तयार केलेली. मोटारसायकलवरून मूल उचलणारे दोघे ते लगेच परत आणून सोडतात आणि सूचनेचा फलक दाखवतात, हा तिचा शेवट कोणा महाभागाने छाटला आणि उरलेला तुकडा खरा म्हणून गावोगाव पोचवला. बरे, चित्रातले चोर मोटारसायकलवर. मग मार झोळीवाल्याला का? कारण तो वहीम मोबाईलने जन्माला घातलेला नाही. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा दप्तरातून गेला, मनातून गेला नाही, आणि त्याची झळ सगळ्याच भटक्यांना लागत राहिली. लातूर जिल्ह्यातील धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन आम्ही गौरवाने कपाटात ठेवतो, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत भटक्यांची पाले कौतुकाने पाहतो, आणि तोच माणूस परक्या गावी लेकराशी दोन शब्द बोलला की त्याला चोर ठरवतो!

व्हॉट्सॲप कंपनीने काय केले? प्रेते पडल्यावर, एका वेळी पाचांनाच संदेश पुढे धाडता येईल, अशी मर्यादा घातली. ती असतानाच एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचले येथे अशाच वावड्यांच्या वातावरणात दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. सरकारचेही तेच. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमण्याचा हुकूम दिला. नांदेड-लातुरातील किती सरपंचांना त्या अधिकाऱ्याचे नाव सांगता येईल?

तेव्हा मुखेड, कंधार, उदगीर, अहमदपूर या तालुक्यांतील सरपंच, पोलीस पाटील आणि व्हॉट्सॲपवरील गावगटांचे चालक यांना आमचे सांगणे आहे: ‘टोळी आली’ असा मजकूर येताच तो पुढे न ढकलता ११२ वर कळवावे, धाडणाऱ्याचे नाव ठाण्यात द्यावे, आणि गावात गोसावी आला तर जमाव जमण्यापूर्वी स्वतः त्याच्याशेजारी जाऊन उभे राहावे.