‘हात दुखतो’ एवढेच पुरेसे नाही

मराठीच्या अभ्यासवर्गात वेदनेविषयी पुष्कळ बोलले जाते. विरहिणीची वेदना, दलित आत्मकथनांतील वेदना, नवकथेतील एकाकी माणसाची वेदना या विषयांवर प्रबंध लिहिले गेले, चर्चासत्रे झाली. ज्या हाताने हे प्रबंध लिहिले, टंकलिखित केले, तपासले, त्या हाताच्या दुखण्याला मात्र आपल्या चर्चाविश्वात जागा नाही. तो ‘वैयक्तिक’ विषय ठरतो आणि बामच्या बाटलीपाशी संपतो. माझ्या मते हा विषय वैद्यकाइतकाच भाषेचाही आहे, म्हणून त्यावर साहित्याच्या माणसांनी बोलले पाहिजे.

एकच हालचाल पुनःपुन्हा केल्याने, किंवा एकाच स्थितीत दीर्घकाळ अवघडून राहिल्याने, बोटांपासून खांद्यापर्यंतचे स्नायू, स्नायुबंध व नसा यांना होणाऱ्या इजांना ‘रिपीटिटिव्ह स्ट्रेन इंज्युरी’ किंवा ‘आरएसआय’ म्हणतात. हा एक आजार नव्हे. अनेक दुखण्यांना मिळून दिलेले ते नाव आहे, आणि संगणकाच्या आगमनाच्या कितीतरी आधीपासून ही दुखणी माणसाला ठाऊक आहेत. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली व्यवसायजन्य रोगांवर ग्रंथ लिहिला. १७१३ च्या आवृत्तीत त्याने लेखनिक आणि कारकुनांच्या व्याधींची भर घातली आणि तीन कारणे सांगितली : सतत बसून राहणे, हाताची एकाच प्रकारची अखंड हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असणारा ताण. तीन शतकांनंतरही या यादीतले काही वगळावे असे वाटत नाही. ब्रिटनमध्ये तारयंत्र चालवणाऱ्यांच्या हाताला येणाऱ्या वांबाला १९०८ साली कायद्याने भरपाईयोग्य व्याधी मानले गेले.

आपल्याकडेही साक्ष आहे. जुन्या हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटी लेखनिक एक ठरलेला संस्कृत श्लोक लिहीत. पाठ, कंबर आणि मान मोडून, मूठ आवळून, मान खाली घालून हा ग्रंथ कष्टाने लिहिला आहे, तरी तो जपावा, असा त्याचा आशय. आपण तो पोथीचा सांकेतिक समारोप म्हणून वाचतो आणि पुढे जातो. वास्तविक ते नेमके लक्षणवर्णन आहे. कोणते अवयव, कोणती स्थिती, कोणते काम, सारे त्यात आले आहे. ज्ञानदेवांनी सांगितलेल्या सुमारे नऊ हजार ओव्या लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नाव आपण आदराने घेतो. त्यांच्या मनगटाचा विचार कुणाच्या मनात येत नाही.

असे का होते? लेखनाकडे आपण साधना म्हणून पाहतो आणि साधनेत देहाची कुरकुर अशोभनीय ठरते. व्यासांचा लेखनिक झालेल्या गणेशाची कथा या वृत्तीचा आदर्श आहे. लेखणी थांबता कामा नये ही त्याची अट आपल्याला फार आवडते. पण अर्थ समजल्याशिवाय लिहू नये ही व्यासांची उलट अट त्याच कथेत आहे, आणि तिच्यामुळेच लेखन मधूनमधून थांबते. विसाव्याची सोय कथेनेच करून ठेवली असताना आपण तेवढी विसरलो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ही दुखणी ओळखण्यात रुग्णाच्या शब्दांचा वाटा मोठा असतो. सुरुवातीच्या काळात क्ष-किरण चित्रात बहुधा काही दिसत नाही. काय होते, कुठे होते, केव्हा होते हे रुग्णानेच सांगावे लागते. त्यासाठी मराठीइतका समृद्ध शब्दसाठा क्वचितच मिळेल. मुंग्या येणे, बधिर होणे, ठणकणे, कळ जाणे, चमक निघणे, आखडणे, भरून येणे, वांब येणे यांतला प्रत्येक शब्द निराळी संवेदना सांगतो. आपण मात्र हे सारे ‘हात दुखतो’ या दोन शब्दांत गुंडाळून टाकतो.

अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना मुंग्या येतात, करंगळी मात्र सुटते. रात्री झोपेतून जाग येते आणि हात झटकल्यावर बरे वाटते. असे असेल तर मनगटातील अरुंद बोगद्यात मध्यवर्ती नस दाबली जात असण्याची शक्यता असते. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. याच्या उलट करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल, तर संशय कोपराच्या आतील बाजूने जाणाऱ्या नसेवर जातो. कोपर मेजावर टेकवून तासन्‌तास वाचणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येते, विशेषतः कपडा पिळताना, मूल उचलताना किंवा मोबाइलवर अंगठ्याने लिहिताना. १८९५ साली या व्याधीचे वर्णन करणाऱ्या द केर्व्हँ या स्विस शल्यविशारदाचे नाव तिला मिळाले आहे. बोट वाकलेले अडकते आणि ‘कट्’ आवाज होऊन सुटते, ते ट्रिगर फिंगर. कोपराच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे टेनिस एल्बो, मग आयुष्यात रॅकेट हाती धरलेली नसली तरी! फळ्यावर वरच्या बाजूला लिहिताना खांद्यात चमक निघते आणि त्या कुशीवर झोपवत नाही, तेव्हा खांद्याच्या स्नायुबंधांकडे लक्ष द्यावे. केवळ लेखणी धरल्यावर बोटे वाकडी होतात, जेवताना मात्र ठीक असतात, हा लेखकाचा वांब; त्याचे मूळ मेंदूच्या हालचाल-नियंत्रणात असते आणि त्याचे उपचार वेगळे.

‘केव्हा’ हा शब्दही महत्त्वाचा. ढोबळमानाने पहिल्या टप्प्यात दुखणे कामासोबत येते आणि रात्रीच्या विश्रांतीने जाते. दुसऱ्यात ते सकाळीही उरते. तिसऱ्यात काम नसतानाही असते आणि पेला हातातून निसटू लागतो. पहिल्या टप्प्यात काम थोडे बदलून, मध्ये थांबून बहुतेकदा भागते. आपण मात्र दुसऱ्या टप्प्यापर्यंत ‘परीक्षा संपू दे’ म्हणत राहतो. अर्थात प्रत्येक दुखणे कामामुळेच असते असे नव्हे. मधुमेह, थायरॉइडचे विकार, गर्भावस्था, मानेतील मणक्यांचे विकार यांतूनही हीच लक्षणे उद्भवतात, म्हणून निदान डॉक्टरांकडूनच व्हावे. छातीवरील दडपणासह डावा हात अकस्मात दुखू लागल्यास तर क्षणाचाही विलंब नको.

‘पूर्वीच्या लोकांनी बोरूने पोथ्या लिहिल्या, त्यांना काही झाले नाही,’ असा आक्षेप हटकून येतो. त्याला उत्तर त्या पोथ्यांच्या शेवटच्या श्लोकातच आहे. दुसरा आक्षेप असा, की थांबल्याने लेखन खुंटते. मनगटाच्या दुखण्यामुळे हेन्री जेम्स १८९७ पासून कादंबऱ्या सांगून टंकलिखित करून घेऊ लागला. त्याच्या उत्तरकालीन शैलीतील लांब, वळणदार वाक्यांचा संबंध समीक्षक या बदलाशी जोडतात. लेखन खुंटले नाही, त्याने वाट बदलली. शैलीचा अभ्यास करताना आपण लेखकाचे वाचन पाहतो, काळ पाहतो. त्याचा हातही पाहायला हरकत नसावी.

प्रश्न केवळ व्यक्तीच्या दक्षतेचाही नाही. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठराविक दिवसांत संपवण्याचा तगादा, विद्यार्थ्यांना तीन तास अखंड लिहायला लावणारी परीक्षा, पुरवण्यांच्या संख्येवरून विद्वत्ता मोजणारा परीक्षक, खुर्ची आणि मेज यांच्या उंचीचा मेळ न बसणारी स्टाफरूम, हे सारे आपण निर्माण केलेले आहे आणि आपणच बदलू शकतो. दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे हात सोडून बसण्याला परवानगी लागत नाही. मोजकी आणि नेमकी उत्तरे मागणाऱ्या प्रश्नपत्रिका काढणे आपल्याच अभ्यासमंडळांच्या हाती आहे. त्याने भाषेचेही भलेच होईल.

आणि एक काम खास आपले. वर्गातील एखादी विद्यार्थिनी ‘सर, हात दुखतो’ म्हणाली तर ‘सवय कर’ न म्हणता विचारावे : ठणकतो, की मुंग्या येतात? कोणत्या बोटांना? रात्री की लिहिताना? नेमक्या शब्दाचा आग्रह आपण रोज कवितेसाठी धरतो. तिच्या हातासाठीही तो धरला पाहिजे.